प्रतिपिंडांची पन्नाशी आणि सामान्य रुग्ण

लंडनहून निघणाऱ्या 'नेचर' या विज्ञानविषयक साप्ताहिकाच्या ७ ऑगस्ट १९७५ च्या अंकात अवघ्या तीन पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. केंब्रिज येथील रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे सेझार मिल्स्टीन आणि त्यांचे तिशीही न गाठलेले जर्मन सहकारी जॉर्ज कोहलर हे त्याचे लेखक. एकाच लक्ष्याला ओळखणारे, एकाच जातीचे प्रतिपिंड प्रयोगशाळेतील पेशींकडून हवे तितके दिवस कसे तयार करून घेता येईल, हे त्यांनी त्यात दाखविले होते. अशा पेशींचा वैद्यक आणि उद्योग यांना उपयोग होऊ शकेल, एवढेच त्यांनी निबंधाच्या शेवटी संयमाने सुचविले होते. त्या निबंधाला २०२५ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली. तेव्हा सुचविलेली शक्यता आज वैद्यकाच्या जवळजवळ प्रत्येक शाखेत साकार झाली आहे. कर्करोग, संधिवात, अवयवरोपण, श्वानदंश अशा परस्परांशी संबंध नसलेल्या दुखण्यांवर मोनोक्लोनल प्रतिपिंडे वापरली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेल्या अशा औषधांची संख्या २०२१ मध्येच शंभरावर गेली. विज्ञानाचा विजय तो हाच. परंतु या विजयाचा लाभ कोणाच्या पदरात पडला, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतर विचारावाच लागेल. कारण सार्वजनिक पैशातून लागलेल्या आणि कोणीही मालकी न सांगितलेल्या या शोधातून जगातील सर्वांत महागड्या औषधांपैकी काही औषधे जन्माला आली आहेत.

मूळ शोधाचे मर्म समजण्यास फार अवघड नाही. शरीरात एखादा परका पदार्थ शिरला, की रक्तातील विशिष्ट पांढऱ्या पेशी त्याच्याशी जुळणारी प्रथिने तयार करतात. तीच प्रतिपिंडे. कुलपाला किल्ली बसावी तसे प्रत्येक प्रतिपिंड आपल्या लक्ष्याला जाऊन बसते. ही संरक्षणशक्ती उसनी घेता येते, हे एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी बर्लिन येथे १८९० साली दाखवून दिले. धनुर्वात आणि घटसर्प यांच्या विषाला निष्प्रभ करणारे द्रव्य त्यांना प्रतिकारक्षम केलेल्या जनावरांच्या रक्तद्रवात सापडले. पुढे त्यासाठी घोडे पाळण्याची पद्धत जगभर रूढ झाली. परंतु घोड्याच्या सीरममध्ये असंख्य प्रकारची प्रतिपिंडे एकत्र असतात. त्यांतील हवी ती थोडी आणि नको ती फार. शिवाय प्रत्येक घोड्याचे सीरम निराळे. औषध गुणकारी खरे; पण त्याला नेमकेपणा नाही, आणि परक्या प्राण्याचे प्रथिन टोचल्यामुळे रुग्णाला त्रास होण्याचा धोकाही त्यात असे.

ही अडचण मिल्स्टीन आणि कोहलर यांनी ज्या रीतीने सोडविली, तिचे स्वरूप कोकणातील बागायतदाराला सहज उमगावे असे आहे. आंब्याच्या कोयी रुजवून वाढविलेली झाडे जोमदार असतात, पण प्रत्येक झाडाचे फळ वेगळे निघते. हापूसच हवा असेल तर कणखर रायवळ रोपावर हापूसची काडी बांधून कलम करावे लागते. मग त्या कलमाचे प्रत्येक फळ हापूसचेच. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी पेशींचे असे कलम बांधले. उंदराला विशिष्ट पदार्थ टोचून त्याच्या प्लीहेतील प्रतिपिंड बनविणाऱ्या पेशी त्यांनी घेतल्या. या पेशी कामाच्या, पण अल्पायुषी. त्यांचा संयोग त्यांनी मज्जेच्या कर्करोगातील पेशींशी घडवून आणला. या दुसऱ्या पेशी निरुपयोगी, पण अखंड वाढत राहणाऱ्या. संयोगातून निघालेल्या संकरित पेशीत एकीचे कसब आणि दुसरीची चिवट आयुर्मर्यादा एकत्र आली. अशी एकेक पेशी निवडून वाढविली, की तिच्या साऱ्या वंशजांकडून एकच प्रतिपिंड मिळू लागते. 'क्लोन' हा शब्दही फांदी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. या कार्याबद्दल दोघांना १९८४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत देण्यात आले.

या शोधाचा पहिला मोठा लाभ उपचाराला नव्हे, निदानाला झाला; आणि तो इतका शांतपणे घरोघरी पोहोचला की त्याची कोणाला जाणीवही राहिलेली नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी गर्भचाचणीची पट्टी गर्भवतीच्या लघवीतील संप्रेरक ओळखते ते अशाच प्रतिपिंडांच्या साहाय्याने. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी रक्तगट तपासताना निळ्या आणि पिवळ्या द्रवाच्या ज्या बाटल्या वापरतात, त्यांतही तीच असतात. पूर्वी ही द्रावणे माणसांच्या रक्तापासून करावी लागत. मलेरियाची झटपट चाचणी आणि कोविडच्या साथीत घराघरांत पोहोचलेली प्रतिजन चाचणी यांचाही आधार तोच. रक्तातील पांढऱ्या पेशींचे निरनिराळे प्रकार ओळखून त्यांची मोजदाद करणे शास्त्रज्ञांना शक्य झाले तेही या साधनामुळेच, आणि एड्सच्या रुग्णाची प्रतिकारशक्ती किती उरली आहे, हे मोजण्याची रीत त्यातून निघाली. या क्षेत्रात प्रतिपिंड सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, कारण चाचणीला ते अत्यल्प लागते आणि ते तयार करणारे पुष्कळ आहेत. औषधाच्या बाबतीत मात्र चित्र पालटते.

उपचाराची वाट सरळ नव्हती. मूत्रपिंडरोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये यासाठी पहिले मोनोक्लोनल औषध अमेरिकेत १९८६ साली मान्य झाले. पण ते उंदराचे प्रथिन होते, आणि रुग्णाचे शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करी. त्याच वर्षी केंब्रिजच्याच ग्रेगरी विंटर यांनी उंदराच्या प्रतिपिंडाचा केवळ लक्ष्याला चिकटणारा भाग मानवी प्रतिपिंडावर बसविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि मार्ग मोकळा झाला. लसिकाग्रंथींच्या कर्करोगावरील रिटुक्सिमॅब १९९७ मध्ये, तर स्तनांच्या कर्करोगाच्या एका आक्रमक प्रकारावरील ट्रास्टुझुमॅब १९९८ मध्ये रुग्णांपर्यंत आले. सांध्यांच्या दाहावरील अडालिमुमॅबला २००२ च्या अखेरीस मान्यता मिळाली. शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाने घातलेला लगाम सोडविणारी औषधे २०११ पासून येऊ लागली. त्यामागील मूलभूत संशोधनाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. विंटर यांनाही त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

तथापि रामबाण हा शब्द मराठीत जितक्या सैलपणे वापरला जातो, तितक्या सैलपणे तो या औषधांना लावता येणार नाही. लंडनमध्ये मार्च २००६ मध्ये एका नव्या प्रतिपिंडाची पहिली मानवी चाचणी चालू असताना सहा निरोगी तरुणांचे अनेक अवयव एकाएकी निकामी होऊ लागले आणि ते मरणाच्या दारी जाऊन आले. कोविडच्या साथीत दोन प्रतिपिंडांचे एक मिश्रण मे २०२१ मध्ये भारतात आले. एका रुग्णाच्या मात्रेची किंमत ५९,७५० रुपये होती. त्या वर्षाच्या अखेरीस विषाणूने ओमायक्रॉनचे रूप घेतले, कुलूपच बदलले आणि ती महागडी किल्ली बहुतांशी निरुपयोगी ठरली. नेमकेपणा हे या औषधांचे बळ आहे, तसे तेच त्यांचे मर्मस्थानही आहे. जेथे लक्ष्य स्थिर आहे आणि रुग्णाची निवड चाचणी करून केली आहे तेथेच ती खरी गुणकारी ठरतात.

आता किमतीच्या प्रश्नाकडे वळले पाहिजे. मिल्स्टीन अर्जेंटिनाचे. त्या देशात १९६२ साली लष्कराने सत्ता बळकावली, विचारवंतांचा छळ सुरू झाला, तेव्हा ब्वेनोस आयरेस येथील पदाचा राजीनामा देऊन ते केंब्रिजला परतले. ब्रिटिश जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांनी हा शोध लावला. त्याचे पेटंट घ्यावयाचे काय, अशी विचारणा संबंधित सरकारी महामंडळाकडे झाली. नजीकच्या काळात त्याचा व्यावहारिक उपयोग दिसत नाही, असे उत्तर १९७६ मध्ये आले. पेटंट घेतले गेले नाही. मिल्स्टीन यांनी आपल्या पेशी मागेल त्या संशोधकाला पाठविल्या, आणि त्यामुळेच ही विद्या अल्पावधीत जगभर पसरली. पुढे अमेरिकेतील एका संस्थेने विशिष्ट प्रतिपिंडांवर पेटंटे मिळविली, तेव्हा ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संपत्ती गमावल्याची ओरड झाली, आणि तशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून १९८० साली सेलटेक ही कंपनी सरकारी पुढाकाराने काढण्यात आली. ब्रिटनने यातून घेतलेला धडा पेटंट न सोडण्याचा होता. सामान्य रुग्णाने घ्यावयाचा धडा निराळा आहे. मूळ विद्या मुक्त राहिली म्हणून ती वाढली. तिच्यावर उभारलेल्या प्रत्येक औषधाभोवती मात्र कुंपणे घातली गेली.

या कुंपणाचे ठळक उदाहरण म्हणजे अडालिमुमॅब. कित्येक वर्षे जगात सर्वाधिक विक्री असलेल्या या औषधाची वार्षिक उलाढाल २०२१ मध्ये वीस अब्ज डॉलरपलीकडे गेली. मुख्य पेटंटची मुदत अमेरिकेत २०१६ मध्ये संपली. परंतु कंपनीने त्याभोवती शंभराहून अधिक पेटंटांची तटबंदी उभारली होती. युरोपातील रुग्णांना २०१८ पासून स्वस्त पर्याय मिळू लागले. अमेरिकेतील रुग्णांना त्यासाठी जानेवारी २०२३ पर्यंत थांबावे लागले. औषध तेच, रोग तोच. फरक फक्त कायद्याच्या डावपेचांचा.

भारताने या बाबतीत काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने रिटुक्सिमॅबची जैवसदृश आवृत्ती २००७ सालीच बाजारात आणली. बंगळूरच्या बायोकॉनने २०१४ च्या आरंभी ट्रास्टुझुमॅबची आणि अहमदाबादच्या झायडसने त्याच वर्षाच्या अखेरीस अडालिमुमॅबची आवृत्ती आणली. ट्रास्टुझुमॅबचे भारतातील पेटंट मूळच्या स्विस कंपनीने २०१३ मध्ये सोडून दिले होते; तरी नवे औषध येताच तिने दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. पुढे २०१७ मध्ये बायोकॉनच्या त्याच औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली, तेव्हा भारतीय कारखान्यातील प्रतिपिंडाच्या दर्जाविषयीच्या शंकेला उत्तर मिळाले. भारत सरकारने २०१५ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत रिटुक्सिमॅब आणि ट्रास्टुझुमॅब यांचा समावेश करून त्यांना किंमत नियंत्रणाखाली आणले. हे पाऊल योग्यच होते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर दोन उदाहरणे विशेष विचारात घेण्याजोगी आहेत. पहिले पुण्याचे. पिसाळलेला कुत्रा चावून जखम झाली तर लगेच साबण-पाण्याने ती पंधरा मिनिटे धुणे आणि लस टोचणे अत्यावश्यक. पण लसीमुळे शरीर स्वत:ची प्रतिपिंडे तयार करीपर्यंत आठवडाभराचा किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि तोवर विषाणू मज्जातंतूंच्या वाटेने पुढे सरकू शकतो. म्हणून खोल जखमेत तयार प्रतिपिंडे थेट टोचावी लागतात. माणसाच्या रक्तापासून केलेली प्रतिपिंडे दुर्मीळ आणि महाग, आणि घोड्याची स्वस्त असली तरी सर्वत्र उपलब्ध नाहीत. परिणामी अनेक रुग्णांना केवळ लसीवर परत पाठविले जाते. रेबीजने भारतात दरवर्षी वीस हजारांच्या आसपास माणसे मरतात, असा अंदाज पुष्कळ वर्षे सांगितला जात होता. अलीकडच्या देशव्यापी पाहणीने तो सुमारे ५,७०० वर आणला आहे. पण वेळीच उपचार झाला तर जवळजवळ पूर्ण टाळता येणाऱ्या, आणि एकदा लक्षणे दिसली की बहुधा कोणालाच न सोडणाऱ्या रोगाचे इतके बळी हीसुद्धा लाजिरवाणी गोष्ट आहे.

पूनावाला कुटुंबाच्या अश्वपालन केंद्रातील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला सीरमसाठी दिले जात. त्या संबंधातूनच १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. याच संस्थेने अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मासबायॉलॉजिक्स या संस्थेच्या सहकार्याने रेबीजवरील मोनोक्लोनल प्रतिपिंड तयार केले आणि ते भारतात वापरात आले. रेबीजवरील जगातील ते पहिले मोनोक्लोनल औषध. घोड्यापासून पेशीपर्यंतचा हा प्रवास एका शहरात, एका पिढीत घडला आहे. घोड्याच्या प्रतिपिंडाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ४० एकके, तर याची ३.३३. एकच प्रतिपिंड वापरण्याऐवजी विषाणूच्या दोन वेगवेगळ्या ठिकाणी चिकटणाऱ्या प्रतिपिंडांचे मिश्रण अधिक निर्धोक, हे तज्ज्ञांचे म्हणणेही रास्त आहे. झायडसचे २०१९ मध्ये मान्य झालेले औषध त्या प्रकारचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये अशा प्रतिपिंडांच्या वापराची शिफारस केली आणि २०२१ मध्ये त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले. शिफारस झाली, औषध देशातच बनू लागले. आता प्रश्न उरतो तो तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातील शीतपेटीत ते असते की नाही, एवढाच. कुत्रा चावलेले बहुसंख्य रुग्ण गरीब घरांतील असतात आणि त्यांत मुलांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात मोडलेला दिवस हाच जीवन-मरणाचा दिवस असतो.

दुसरे उदाहरण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचे. तंबाखूच्या व्यसनामुळे तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण या देशात मोठ्या संख्येने आढळतात. प्रतिकारशक्ती जागी करणारे निवोलुमॅब हे प्रतिपिंड अशा रुग्णांना गुणकारी ठरते. पण रोग पुढे गेल्यावर दिले जाणारे मान्यताप्राप्त उपचार गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतील केवळ एक ते तीन टक्के रुग्णांना परवडतात. टाटाच्या डॉक्टरांनी एक साधा, पण धाडसी प्रश्न विचारला. औषधाची ठरविलेली मात्रा खरोखरच तेवढी लागते काय? नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. त्यांनी दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या सुमारे सहा टक्के, दिली. तीही तोंडाने घ्यावयाच्या स्वस्त औषधांच्या जोडीला. रुग्ण १५१. केवळ स्वस्त औषधे घेणाऱ्यांपैकी वर्षानंतर १६.३ टक्के जिवंत राहिले. अल्प मात्रेत प्रतिपिंड मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्प मात्रा पूर्ण मात्रेइतकीच गुणकारी आहे, असे यावरून सिद्ध होत नाही, कारण ती तुलना या चाचणीत केलेली नव्हती. परंतु ज्याला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नाही, त्याच्यासाठी खरी निवड अल्प मात्रा आणि काहीच नाही यांतील असते. या निवडीचे उत्तर त्या चाचणीने नि:संदिग्धपणे दिले आहे.

अशी चाचणी औषध कंपनी स्वत: होऊन करील, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. कमी औषध विकले जावे यासाठी कोणताही विक्रेता संशोधनावर पैसा खर्च करीत नाही. हे काम सार्वजनिक संस्थांनीच करावयाचे असते. टाटा रुग्णालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी एकत्र येऊन ४० औषधांची सामूहिक खरेदी केली, तेव्हा सुमारे ८२ टक्के पैसा वाचला. याचा अर्थ स्पष्ट आहे. बाजारातील किंमत ही निसर्गाने ठरवून दिलेली नसते. सुटा रुग्ण जी किंमत मुकाट्याने मोजतो, ती संघटित खरेदीदारापुढे खाली येते.

औषध कंपन्यांचा युक्तिवाद मात्र ऐकून घेतला पाहिजे, कारण त्यात तथ्य नाही असे नाही. ॲस्पिरिनच्या रेणूचा भार १८०, तर एका प्रतिपिंडाचा सुमारे दीड लाख. हे औषध भट्टीत शिजत नाही. जिवंत पेशींकडून ते करून घ्यावे लागते. तापमान किंवा पोषण किंचित बदलले तरी रेणूवरील शर्करेच्या साखळ्या बदलतात, आणि टाकीत एखादा जंतू शिरला तर सारा घाणा वाया जातो. शिवाय अनेक प्रतिपिंडे चाचणीतच नापास होतात. त्यांचा खर्च यशस्वी औषधावरच निघावयाचा असतो. हे सारे मान्य केले तरी दोन गोष्टी उरतात. एकेकाळी एक लिटर द्रवातून प्रतिपिंडाचा ग्रॅमचा अल्पसा अंश मिळे, तेथे आज काही ग्रॅम मिळतात. उत्पादन असे अनेक पटींनी सुधारले, त्याचा लाभ किमतीत रुग्णाला त्या प्रमाणात मिळालेला नाही. दुसरे, जोखमीचा मोबदला मिळावा हे न्याय्य. परंतु पेटंटची मुदत संपल्यावर नव्या पेटंटांचे थर चढवून तोच मोबदला आणखी वर्षानुवर्षे घेत राहणे यास जोखीम म्हणत नाहीत, मक्तेदारी म्हणतात.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट, रेबीजच्या प्रतिपिंडासारखे एका मात्रेत प्राण वाचविणारे औषध प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात विनामूल्य असलेच पाहिजे. ते देशात बनते, त्याची गरज किती हे श्वानदंशाच्या नोंदींवरून ठरविता येते, आणि त्याला वर्षभराचा उपचार लागत नाही. येथे सबबीला जागाच नाही. दुसरी, सामूहिक खरेदीचा कर्करोग जाळ्याचा धडा राज्य शासनांनी आपल्या सर्व रुग्णालयांना लागू करावा. पाच लाख रुपयांची विमा मर्यादा प्रत्येक कुटुंबाला कागदोपत्री मिळाली, तरी बाजारभावाने घेतलेल्या प्रतिपिंडाचा वर्षभराचा उपचार तिच्यात बसविणे कठीण जाते. भाव खाली आणल्याशिवाय विमा म्हणजे फुटक्या रांजणात ओतलेले पाणी. तिसरी, मात्रा किती आणि उपचार किती दिवस हे ठरविणाऱ्या चाचण्यांना सरकारी निधी नियमितपणे मिळावा. एका यशस्वी चाचणीतून वाचणारा पैसा तिच्या खर्चाच्या कित्येक पट असतो. चौथी, जैवसदृश औषधांना मान्यता देताना दर्जाच्या कसोट्यांत तडजोड नको, पण अनावश्यक पुनरावृत्तीही नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आपले निकष याच दिशेने सुधारले आहेत.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि बहुधा सर्वांत दुर्लक्षित. हाफकिन संस्थेचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. प्लेगच्या साथीत वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत तयार केलेली लस प्रथम स्वत:ला टोचून घेतली, आणि त्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे परळची ही संस्था वाढली. तिच्या औषधनिर्मितीसाठी स्वतंत्र सरकारी महामंडळ निघाले ते १९७५ साली, म्हणजे मिल्स्टीन-कोहलर यांचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी. सर्पदंश आणि श्वानदंश यांवरील घोड्यांच्या सीरमची मोठी परंपरा या घराण्याची आहे. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांचा आधार अजूनही घोड्याचे सीरम हाच आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी कॅलिफोर्नियातील सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये नागवर्गीय सापांच्या विषातील एका महत्त्वाच्या घटकाला निष्प्रभ करणारे मानवी प्रतिपिंड सादर केले. ते अद्याप रुग्णापर्यंत आलेले नाही, आणि घोणस-फुरशाच्या विषाला त्याचा उपयोग नाही. पण दिशा ठरली आहे. शेतात साप चावलेल्या मजुरासाठी औषध शोधण्यात कोणत्याही बड्या कंपनीला नफा दिसणार नाही. ते काम सार्वजनिक क्षेत्राचे आहे. त्या क्षेत्राला घोड्यापासून पेशीपर्यंतची मजल मारण्यासाठी पैसा, माणसे आणि स्वायत्तता द्यावयाची, की त्याला जुन्या पुण्याईवर ठेवावयाचे, हा निर्णय शासनाने घ्यावयाचा आहे.

मिल्स्टीन यांना अर्जेंटिनाच्या लष्करशाहीने गमावले, ब्रिटनच्या जनतेने आश्रय दिला, आणि त्यांनी आपली पेशी मागेल त्याला दिली. या तिन्ही गोष्टींत विज्ञान आणि समाज यांचे नाते सामावलेले आहे. ज्ञानाचा वृक्ष स्वातंत्र्यात वाढतो, त्याला पाणी सार्वजनिक तिजोरी घालते, आणि त्याची फळे सर्वांच्या वाट्याला यावीत, ही अपेक्षा म्हणून अवाजवी नव्हे. गर्भचाचणीच्या पट्टीच्या बाबतीत ती पूर्ण झाली. कुत्रा चावलेल्या मुलाच्या आणि तोंडाचा कर्करोग झालेल्या गिरणीकामगाराच्या बाबतीत ती अद्याप पूर्ण व्हावयाची आहे. शोध लागण्यास शास्त्रज्ञांची प्रतिभा लागली. तो वाटण्यास केवळ शासनाची इच्छा लागते, आणि ती जागी ठेवण्यास जनतेचा आग्रह.